मामानं बांधलेली टू-स्ट्रोक

अमरावती,
१० नोव्हेंबर २०२४

मामा, जयभीम.

फोनवर तुम्हाला माझं बोलणं कळत नाही, आणि मोबाइलवरचे मेसेज तुम्ही उघडून पाहत नाही. म्हणून आई म्हणाली, कागदावर लिही, कागद तो नक्की वाचते. शाळा सुटल्यापासून मी कोणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलं तर हसू नका.

मला गाडी घ्यायची आहे. स्कूटर नाही, स्पोर्ट बाइक. पॅथॉलॉजी लॅबमध्ये सहा दिवस लोकांचं रक्त काढते आणि रविवारी नागपूरला जाते. तिथल्या एका रायडर क्लबनं शहराबाहेर छोटा ट्रॅक केला आहे. हौशी लोकांना शिकवतात. माझ्यासोबत चांदूर बाजारची वर्षाली असते. तिच्या वडिलांची, भगवंतकाकांची, भाजीची पिकअप आहे. काका तिची गाडी पिकअपमध्ये टाकून आम्हा दोघींना घेऊन जातात आणि दिवसभर कठड्याशी उभे राहून पाहतात. वर्षालीकडे नवीन तीनशे सीसीची आहे. मी आतापर्यंत क्लबची भाड्यानं घेऊन चालवत होते.

१६ फेब्रुवारीला हौशींची शर्यत आहे. पहिल्या तिघांना दक्षिणेत महिनाभराच्या शिबिराला पाठवणार. तेरा जणांत आम्ही दोघीच मुली. मामा, मी पहिल्या तिघांत येऊ शकते. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. आईला वाटतं, लग्न ठरेपर्यंतचा नाद आहे.

आता प्रश्न असा. वर्षालीसारखी नवीन घेऊ, चाक घसरू न देणारं एबीएस आणि सगळं असलेली? की जुनी, हलकी, टू-स्ट्रोक? ट्रॅकवरची मुलं दोन्ही बाजूंनी भांडतात. आई म्हणाली, "धर्मपालले विचार. तो गाडी काढे तं अकोल्यात लोकं दुकानातून बाहेर येत."

म्हणून विचारते.

तुमची भाची,
ज्योत्स्ना

———

अकोला,
१८ नोव्हेंबर २०२४

पोरी ज्योत्स्ना, तुले आणि तुह्या मायले, शालूबाईले, जयभीम.

तुह्यं पत्र भेटलं. दोनदा वाचलं. मले इंजिनबद्दल कोणी काई विचारलं त्याले लय वर्षं झाले. आता सारे एकच विचारतात, गोळी घेतली का?

सरळ सांगतो. नवी घेऊ नको. नवी वाईट नाई. पण नवी गाडी तुले चुकू देत नाई. ब्रेक जास्त दाबला तं ती सोडून देते, थ्रॉटल जास्त दिला तं ती कमी करते. मंग रायडर तू का ती? ज्याले नुसतं पोचाचं आहे त्याले ठीक आहे. तुले शिकाचं आहे. आणि नवी बिमार पडली तं लॅपटॉप लावतात. मी शोरूमात उभं राहून पाहिलं. स्क्रीनकडे पाहतात, इंजिनवर हात बी ठेवत नाई.

जुनी टू-स्ट्रोक सोताच सांगते तिले काय होऊन राहिलं ते. तेल कमी पडलं तं येगळा आवाज, पेट्रोल कमी पडलं तं येगळा. ऐकणारा पायजे.

माह्यी सोताची टू-स्ट्रोक गॅरेजात उभी आहे, दोन सिलिंडरवाली. चिखलदऱ्याचा घाट मी तिच्यावरच चढलो. कोणी मागतली तं मी नाई म्हणत गेलो. ती तुह्यासाठी बांधून देतो. इकत नाई, देतो.

माह्या कानाचं शालूबाई सांगन तुले. माणसाचं बोलणं मले कमी येते. इंजिनचं येते. सारी जिंदगी तेच ऐकलं, तं तेवढं राहिलं.

कळव लवकर.

तुह्या मामा,
धर्मपाल

———

अमरावती,
१ डिसेंबर २०२४

मामा, जयभीम.

तुमचं पत्र मी वर्षालीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पडाची येळ आली तं एबीएस कामी येईन का मामा?" मग आम्ही दोघी खूप हसलो. ती तशी चिडवते, पण घाबरटही आहे. वळणावर नेहमी माझ्या मागून येते. म्हणते, तू कुठून वळतेस ते पाहिलं की मला विचार करावा लागत नाही.

मी पंधरा दिवस विचार केला. खरं सांगायचं तर नवीन घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. शोरूममध्ये तिच्यावर बसून आले होते. पण तुमचं पत्र आईनं वाचलं आणि ते घेऊन स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. नंतर म्हणाली, "मामी गेल्यापासून त्यानं एवढं लंबं कोणाले लिहिलं नसन."

म्हणून बांधा. क्लबवाल्यांना विचारलं, चालते म्हणाले, हौशींच्या गटात जुनीला मनाई नाही.

फक्त जानेवारी लागायच्या आत द्या मामा. मला सराव हवा.

ज्योत्स्ना

———

अकोला,
२९ डिसेंबर २०२४

ज्योत्स्नाले जयभीम.

गाडी झाली. उद्या टेम्पोत चढवतो. पिस्टन नवे, रिंगा नव्या, कार्बोरेटर सारं खोलून साफ केलं. टायमिंग, म्हंजे ठिणगी कवा पडाची ते, मी सोता बांधलं. असा महिना मले कितीक वर्षात भेटला नाई. जेवाची याद नोती राहत. शेजारचा सहदेव ताट घेऊन गॅरेजात ये.

एक गोष्ट ध्यानात ठेव. टू-स्ट्रोक कधी कधी जाम होते. तसं झालं तं मागचं चाक गपकन धरते. म्हून डाव्या हाताचे दोन बोटं कायम क्लचवर. झोपेत बी क्लचवर. आवाज थांबला की ओढाचा, इचार नाई कराचा.

पेट्रोलात तेल मोजून टाक.

मामा

———

अमरावती,
२६ जानेवारी २०२५

मामा, जयभीम.

आज रविवार, नागपूरला जाऊन आलो. काकांच्या पिकअपमध्ये आता दोन गाड्या असतात, माझी आणि वर्षालीची, मध्ये रिकाम्या पोत्यांची गादी.

मामा, ही गाडी काय आहे हे मला सांगता येत नाही. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा सहा हजारांच्या पुढं गेला की कोणीतरी पाठीवर थाप मारल्यासारखं होतं. आज माझा वेळ तिसरा आला. क्लबचे मनोजसर, जे आम्हाला शिकवतात, त्यांनी घड्याळ दोनदा पाहिलं. वर्षाली पाचवी.

एकच विचारायचं होतं. मागच्या रविवारपासून, पूर्ण थ्रॉटल असताना आवाज येतो. डब्यात खिळे टाकून हलवावेत तसा. बारीक, कोरडा. थ्रॉटल सोडला की जातो. मनोजसर नव्या गाड्यांवर शिकले आहेत, ते म्हणाले जुनीचं मला कळत नाही, ज्यानं बांधली त्याला दाखव.

हे बरोबर आहे ना?

ज्योत्स्ना

———

अकोला,
३१ जानेवारी २०२५

ज्योत्स्नाले जयभीम.

घाबरू नको. नवे पिस्टन बसून राहिले, थोडी खडखड करतीन. तरी मी सोता येतो. सात तारखेले सकाळच्या बसनं. ऐकून सांगतो.

मामा

———

अमरावती,
९ फेब्रुवारी २०२५

मामा, जयभीम.

तुम्ही आलात, बरं वाटलं. अकोल्याला नीट पोचलात ना? गाडी साफ आहे म्हणालात, तेव्हा जीव भांड्यात पडला. आता सात दिवस उरले. लॅबमध्ये दोन दिवसांची रजा मिळाली.

आई विचारते, तिखट शेव संपली का.

ज्योत्स्ना

———

अकोला,
४ मार्च २०२५

ज्योत्स्नाले जयभीम.

तुह्यं पत्र नाई. शर्यतीचं काई कळलं नाई. मी शालूबाईले फोन लावला तं ती काईतरी बोलत रायली, मले समजलं नाई. मंग सहदेवले लावाले सांगतला. त्यानं ऐकलं आणि मले कागदावर लिहून देलं. "पडली. ज्योत्स्नाचं हाड मोडलं. मागच्या पोरीले लय लागलं." एवढंच. मंग मी त्याले म्हटलं पुन्हा लाव, तं तिनं उचलला नाई.

काय झालं ते लिही. माह्यी गाडी कुठं आहे? कोणी खोलली का? पिस्टन फेकू देऊ नको.

मामा

———

अमरावती,
२२ मार्च २०२५

मामा, जयभीम.

उजवं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, आता जुळतंय. म्हणून अक्षर असं आहे. उशीर मात्र हाडामुळे झाला नाही.

सहावी फेरी होती. मी तिसरी होते. वर्षाली माझ्या मागं, चौथी. ती इतकी पुढं कधीच आली नव्हती. सरळ पट्टा संपत आला आणि आवाज थांबला. एकदम, वायर तोडल्यासारखा. मागचं चाक जाम झालं. दोन बोटं क्लचवर होती मामा. ओढलाही. पण तोवर गाडी आडवी झाली होती. मी घसरत घसरत गवतात गेले. गाडी ट्रॅकच्या मध्येच पडून राहिली.

वर्षालीनं ब्रेक मारला. मनोजसर म्हणतात, एकदम बरोबर मारला. एबीएसनं आपलं काम केलं, चाक घसरलं नाही, गाडी सरळ राहिली. सरळच माझ्या गाडीवर गेली. जागाच नव्हती. ती वरून उडाली आणि पाठीवर पडली.

काका कठड्यावरून उडी मारून धावत आले. मी गवतात उठून बसले होते. ते माझ्यापाशी थांबले, विचारलं, "तुले लागलं का बेटा?" आणि मग पुढं गेले.

मणक्याला मार आहे. नागपूरला ऑपरेशन झालं. कमरेखाली तिला काही कळत नाही. डॉक्टर आधी म्हणाले तीन महिने पाहू. मागच्या आठवड्यात त्यांनी काकांना बाहेर बोलावलं. त्यानंतर कोणी महिन्यांचं बोलत नाही. परवा तिला चांदूर बाजारला घरी आणलं. दवाखान्यात मी दर रविवारी जायचे, तिचे केस विंचरायचे; आता तिच्या घरी जाईन.

क्लबवाल्यांनी इंजिन खोललं. डाव्या पिस्टनला करंगळी जाईल एवढं भोक आहे. ते म्हणाले टायमिंग पुढं होतं आणि पेट्रोल कमी जात होतं, कित्येक दिवसांपासून. मी तुमचं नाव कोणाला सांगितलं नाही. गाडी जुनी होती, एवढंच म्हटलं.

ज्योत्स्ना

———

अकोला,
३ एप्रिल २०२५

पोरी,

गाडी जुनी होती म्हून नाई झालं. ते म्यां केलं.

दोन वर्षं झाले, मले इंजिन ऐकू येत नाई. सरकारी दवाखान्यात मशीन लावून पाहिलं. डॉक्टरीणबाईनं कागदावर रेघ काढून दाखोली, म्हणे इथून वरचं तुमचं सारं गेलं, आता येत नाई. बारीक आवाज, खणखणाचा, तोच गेला. घरघर हाताले समजते, टाकीवर हात ठेवला की समजते. पण तुह्या खिळ्यांचा आवाज हाताले नाई समजत. गिऱ्हाइकं याच कारणानं गेले. मी सांगे, नव्या गाड्यांनी धंदा खाल्ला. लोकं मानत. मी बी मानाले लागलो.

तुह्यं पत्र आलं तवा मले सांगता आलं असतं. तू नवी घ्याले निघाली होती. मले वाटलं, एक गाडी अजून बांधता येईन. हातानं बांधीन, एवढे वर्षं केलं, हाताले सारं याद आहे. टायमिंग मी कानानं बांधत होतो. या खेपेले अंदाजानं बांधलं.

सात तारखेले तू थ्रॉटल देला. मी स्क्रूड्रायव्हर इंजिनले टेकवला, त्याची मूठ कानामागच्या हाडाले लावली, हाडातून तरी येईन म्हून. मले काईच आलं नाई. मंग मी तुह्या तोंडाकडे पाहिलं. म्हटलं, आवाज असन तं पोरीच्या तोंडावर दिसन. काई दिसलं नाई. म्हून म्हटलं, साफ आहे.

गॅरेज बंद केलं. कुलूप लावलं तं सहदेव काई बोलला, मी पाहिलं नाई त्याच्याकडे.

तू माह्यं नाव लपोलं. आता लपवू नको. सांग त्याईले.

धर्मपाल

———

अमरावती,
१४ एप्रिल २०२५

मामा, जयभीम.

आज जयंती. आई पांढरी साडी नेसून इर्विन चौकात गेली आहे, मी गेले नाही. घरात कोणी नाही तोवर लिहून टाकते.

तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत होता ते मला दिसलं होतं.

मी थ्रॉटल दिला तेव्हा आवाज आला मामा. आधीपेक्षा मोठा आला. समोरच्या पार्बताबाई दारात येऊन विचारत होत्या, "काय फुटून राहिलं वो?" तुम्ही स्क्रूड्रायव्हर लावून उभे होता आणि तुम्हाला त्याही ऐकू आल्या नाहीत. मला तेव्हाच कळलं. एका क्षणात सगळं कळलं, गिऱ्हाइकं का येत नाहीत तेसुद्धा. आणि मी तोंड सरळ ठेवलं.

तुमची लाज राखायची होती म्हणून, असं मी दोन महिने स्वतःला सांगते आहे. ते थोडं खरं आहे. पण मी तोंड सरळ ठेवलं कारण शर्यत नऊ दिवसांवर होती. तुम्ही बिघाड आहे म्हटलं असतं तर गाडी परत अकोल्याला गेली असती, आणि क्लबची भाड्याची घेऊन मी पाचवी-सहावी आले असते. तुम्ही साफ म्हणावं असं मला वाटत होतं. तुम्ही म्हणालात. मग ते तुमचं झालं, माझं नाही. मी "जीव भांड्यात पडला" असं लिहिलं. ते खोटं होतं.

काल वर्षालीला सगळं सांगितलं. तुमचं आणि माझंही. ती कुशीवर होती, दर दोन तासांनी तिला वळवावं लागतं. भिंतीकडं तोंड करूनच तिनं विचारलं, "आवाज कधीपासून येत होता?"

मी म्हटलं, "जानेवारीपासून."

तिनं भिंतीचा पोपडा नखानं काढला. मग म्हणाली, "मले हेल्मेटमधून काय समजन? मी तुह्या मागं मुद्दाम होती. तुले समजते म्हून."

निघताना तिनं मला हाक मारली. मला वाटलं, रागावेल, शिवी देईल. ती म्हणाली, "रविवारी येऊ नको. केस आई विंचरन."

ज्योत्स्ना

———

अकोला,
२६ मे २०२५

ज्योत्स्नाले जयभीम.

तुह्यं पत्र घेऊन महिनाभर बसून रायलो. तुले काय लिहू? तू पोरगी आहे, तुले जिंकाचं होतं. मी म्हातारा आहे, मले बी जिंकाचंच होतं. यात कोणाचं जास्त, हे मोजून काई निघत नाई.

काल चांदूर बाजारले जाऊन आलो. बसनं गेलो, कोणाले सांगतलं नाई. घर विचारत गेलो तं भगवंतजी अंगणात भाजी निवडत बसले होते. मी हात जोडले. म्हटलं, "मी ज्योत्स्नाचा मामा. गाडी म्यां बांधली. इंजिनचा आवाज मले आला नाई आणि मी साफ आहे म्हटलं." हे मी बसमध्ये पाठ करत गेलो होतो. बराबर बोललो.

मले वाटलं, मारतीन. त्याईनं खाट पुढं केली. घरातून पाणी आणलं. मंग माह्यासमोर बसून बोलाले लागले. लय येळ बोलले. मी होठाकडे पाहत होतो, पण मिशी मोठी आहे, समजलं नाई. रागानं नोते बोलत. हातवारे करत होते, जसं कोणी रस्ता विचारते. आतल्या खोलीचा परदा हालला, पोरगी दिसली नाई.

मले म्हणाचं होतं, लिहून द्या, माह्ये कान गेले. पण त्या घरात कागद मागाची माह्यी हिंमत झाली नाई. ज्याच्या पोरीचं असं झालं, त्याले मी म्हणू, तुमचं दुःख लिहून द्या? म्हून मी मान हालवत रायलो. सवय आहे मले त्याची. दोन वर्षं तेच करून रायलो.

उठलो तवा त्याईनं माह्या हात धरला, पुन्हा काईतरी बोलले. मी मान हालवली. मंग त्याईनं हात सोडून देला.

तुह्या कानावर काई आलं तं कळव. ते काय म्हणत होते, एवढं मले पायजे.

मामा

———

अमरावती,
१५ जून २०२५

मामा, जयभीम.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला परवा मिळालं. वर्षालीची आई, माणिकबाई, लॅबमध्ये आल्या होत्या. वर्षालीला पुन्हा ताप आहे, लघवी तपासायची होती. मला पाहून त्या परत फिरतील असं वाटलं. पण बाटली माझ्याच हातात दिली आणि बाकड्यावर बसल्या.

म्हणाल्या, तुह्या मामा येऊन गेला. मी विचारलं, काका काय बोलले त्यांना? त्यांनी सांगितलं. त्या दारातच उभ्या होत्या.

काका तुम्हाला दोष देत नव्हते मामा. ते तुम्हाला विचारत होते. म्हणत होते, "तुमी गाड्यातले जाणकार. मी तीन शोरूम फिरलो. पोरगी म्हणे कोणती बी चालन, मी म्हटलं नाई, सगळ्यात सेफ कोणती तीच पायजे. सारं समजून घेतलं, मंग घेतली. तुमी सांगा, मी दुसरी कोणती घ्याले पायजे होती?"

हेच पुन्हा पुन्हा विचारत होते. तुम्ही मान हलवत होता. शेवटी तुमचा हात धरून म्हणाले, "नाव सांगा फक्त." तुम्ही पुन्हा मान हलवली.

मी माणिकबाईंना म्हटलं, मामांचे कान पूर्ण गेले आहेत, त्यांना एक शब्दही ऐकू आला नसेल. त्या म्हणाल्या, "ते मी त्याईले कसं सांगू? ते रोज म्हणतात, त्याले माहीत आहे, पण तो सांगत नाई."

मामा, काकांना पत्र लिहा. ऐकू आलं नाही, हे तरी लिहा. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी काल लिहून पाहिलं. चार कागद फाडले. दुसरी कोणतीही घेतली असती तरी वर्षाली माझ्या मागंच असती.

रिपोर्ट काल आला. इन्फेक्शन आहे. मी तो दुसऱ्या कोणाच्या हातानं पाठवला.

ज्योत्स्ना